बिनकामाच्या लकबी

मॅडमना घरी जेवायला बोलवायचं म्हणजे धाडसाचं काम होतं. खाण्याबद्दल त्यांची कधी कुरकुर नसे. ताटात पडेल ते खात, आवडलं तर मागून घेत. पण पानं वाढून होईपर्यंत त्या बाहेरच्या खोलीत बसत नसत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत आणि घरच्या बाईची उलटतपासणी सुरू करत. हे आधी का घातलं, ते नंतर का, झाकण उपडं का ठेवलं? आणि प्रत्येक उत्तरावर त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "हे कोणाचं बघून?" आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या घरी त्यांनी नव्या सुनेला हा प्रश्न सासूच्या देखत विचारला. सुनेने सरळ आपल्या आईचं नाव घेतलं. त्या घरून मॅडमना पुन्हा आमंत्रण आलं नाही.

घोडपदेवला आमच्या खोलीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे एम. ए. करत होते. आई बांगड्याचं तिखलं करत होती. तिने तिरफळं ठेचून घातली. मॅडमनी विचारलं, ही का घालता? आई म्हणाली, घालायचीच असतात, सासू घालायची. नाही घातली तर? आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या शिक्षिकेला एवढंही माहीत नाही याची तिला माझ्यासाठी लाज वाटत असावी. मग तिने बांगडे रश्श्यात सोडले आणि पळी टोपाच्या काठावर टणकन आपटली.

"पळी का आपटली?" मॅडम म्हणाल्या.

आईने आपल्या हाताकडे असं बघितलं की जणू तो हात शेजारणीचा आहे. मग म्हणाली, "सासू आपटायची."

मॅडम इतक्या खूश झाल्या की तिथेच उंबरठ्यावर बसल्या. आईला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिरफळाने माशाचा वास मरतो. हे कुणी तरी कधी तरी शोधून काढलं, ते माणूस कोण ते आज कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. पळीचा माशाशी काही संबंध नाही, ती सासूबाईंच्या हाताची सवय. पण दोन्ही गोष्टी एकाच टोपातून आल्या आणि आईने त्या तशाच्या तशा उचलल्या. "निवडत बसला नाहीत तेच बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "माणूस काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते बघून उचलायला लागला, तर पहिल्यांदा तिरफळंच गाळेल."

त्या गेल्यावर आई टोप घासता घासता म्हणाली, "बाई येडी नाय गो. हिका लहानपणी कोणी काय सांगूक नाय, म्हणान सगळ्यांका ईचारीत फिरता." तेव्हापासून मॅडम येणार असल्या की आई मुद्दाम बांगडे आणी आणि पळी अशी जोरात आपटे की शेजारच्या काकू डोकावून जात.

मॅडमचा विषय एका वाक्यात सांगणं अवघड होतं, आणि दोन वाक्यांत सांगितला तर लोक ऐकून घेत नसत. कॉलेजात त्याला 'माकडांचा पेपर' म्हणत. माणूस आज जसा वागतो तसा का वागतो, त्यातलं किती लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाकडून रक्तातून आलं आणि किती आजूबाजूच्यांचं बघून आलं, असा तो विषय. मॅडम दोन वारसे म्हणत, एक रक्ताचा आणि एक बघण्याचा. बाकीच्या प्राण्यांचं बरंचसं पहिल्यावर भागतं. माणसाचं भागत नाही. त्याला नखं नाहीत, सुळे नाहीत, अंगावर केस नाहीत. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दुसऱ्याचं बघून करणं, आणि तेही का ते न कळता करणं. मानसशास्त्राच्या बाई म्हणून लोक आपली बिघडलेली मुलं त्यांच्याकडे घेऊन येत. मॅडम मुलाला सोडून बापाकडे टक लावून बघत बसत. बाप लवकरच उठून जाई.

परळला आमचं कॉलेज होतं आणि आमचा विभाग म्हणजे जिमखान्याशेजारची एक खोली. भिंतीपलीकडे कॅरम चाले. सोंगटीचा टाण आवाज आणि त्यामागून पोरांचा आरडाओरडा, यातून मॅडमचा तास वाट काढत जाई. त्या दादरला एकट्या राहत. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात एक माप मोठ्या चपला. का म्हणून विचारलं तर म्हणत, पाय संध्याकाळी वाढतो. वडापाव त्या वेगवेगळा करून खात, आधी सगळा वडा, मग नुसता पाव, जणू दोघांचं भांडण आहे. रस्ता मात्र कधी एकट्या ओलांडत नसत. कुणी तरी पाऊल टाकेपर्यंत फुटपाथवर थांबत आणि मग त्याच्या मागोमाग जात. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "चारचौघं चालली की आपण चालायचं. चुकलोच तर चुकलेल्यांत एकट्या तरी नसू."

काळाचौकीतल्या एका चाळीत त्यांचं फार जाणं-येणं होतं. माझी तिथे एक मावशी राहायची, तिच्या ओळखीने सुरुवात झाली. पहिला प्रयोग आम्ही केला तो डब्याचा. साधा स्टीलचा डबा, आत चिक्की. मॅडम गॅलरीत बसून मुलांना दाखवत, डब्यावर टिचकी मारायची, मग डबा गोल फिरवायचा, मग झाकणावर तळहात ठेवायचा आणि मग झाकण उघडून चिक्की घ्यायची. टिचकीचा आणि फिरवण्याचा झाकणाशी काही संबंध नाही, हे कुणालाही दिसत होतं. तरी मुलांनी सगळं केलं, अगदी मन लावून. मुलांच्या आयांनी केलं. माझ्या मावशीने तर टिचकी नीट बसली नाही म्हणून पुन्हा मारली. शेवटी चाळीतल्या मांजराचा नंबर लागला. चिक्कीच्या जागी बोंबलाचा तुकडा ठेवला आणि मॅडमनी त्यालाही सगळी कृती शांतपणे करून दाखवली. मांजराने पंजाने झाकण उडवलं आणि बोंबील घेऊन गेलं.

मावशी म्हणाली, मांजर हुशार निघालं. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच ते मांजर राहिलं."

आणि मग त्या चाळीतलं गाऱ्हाणं. चाळीतली बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, मागची पिढी गिरणीतली. गणपती बसला की सगळे मूर्तीपुढे गोळा होत आणि एक जण सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घाली. प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे गाऱ्हाणं घालायचा मान एका आजोबांचा होता. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजण्यात, त्यांचा जन्म गेला होता आणि कापसाची धूळ छातीत कायमची बसली होती. सुरुवातीला गावच्या देवाचं नाव घेऊन झालं की त्यांना हमखास खोकला येई. मूठ तोंडाशी नेऊन ते खोकत आणि मग पहिलं मागणं मागत. आम्ही त्यांचं गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित केलं होतं, खोकल्यासकट.

आजोबा गेले. मान पुतण्याकडे आला. पुतण्या विमा कंपनीत होता, रोज व्यायामशाळेत जाणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पहिल्या वर्षी तो मूर्तीपुढे उभा राहिला, गावच्या देवाचं नाव घेतलं आणि खोकला. त्याच जागी, तशीच मूठ तोंडाशी नेऊन.

मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. असा पुरावा आयुष्यात एखाद्यालाच मिळतो, असं त्या पुढे कित्येकदा म्हणाल्या. त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. प्रसाद वाटला जात असताना सगळ्यांसमोर त्या पुतण्याला त्यांनी सांगून टाकलं, की तुझी छाती ठणठणीत आहे, हा खोकला तुझा नाही, काकांचा आहे. लोक हसले. कुणी तरी तो खोकून दाखवला, मग आणखी कुणी तरी. पुतण्याही हसला, पण त्याने हातातला मोदक खाल्ला नाही, तसाच वाटीत ठेवून दिला.

पुढच्या वर्षी तो खोकला नाही. देवाचं नाव घेतलं आणि न थांबता मागणं सुरू केलं. आणि लोकांचं 'व्हय म्हाराजा' विस्कटलं. कुणी आधी म्हणालं, कुणी मागून, कुणी अर्धंच. पुढेही ते जुळलं नाही. जाताना जिन्यात बायका एकमेकींत बोलत होत्या, "ह्या वर्षी गाऱ्हाणा लागाक नाय." नेमकं काय चुकलं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण चुकलं होतं हे सगळ्यांना कळलं होतं. त्याच महिन्यात चाळीत दोन माणसं आजारी पडली, आणि ती गोष्ट कुणी मोठ्याने बोललं नाही तरी पुतण्याने ती मनाला लावून घेतली.

विभागात परत आल्यावर मॅडमनी जुनं ध्वनिमुद्रण लावलं. आजोबांचा खोकला आम्ही शंभरदा ऐकला असेल, पण त्याच्या मागे काय चाललंय ते ऐकलं नव्हतं. आजोबा खोकत होते तेवढ्यात अख्खी चाळ छातीत श्वास भरून घेत होती. म्हणून पुढचा 'व्हय म्हाराजा' एका तोंडून आल्यासारखा येई.

मॅडमनी ध्वनिमुद्रण बंद केलं. मग म्हणाल्या, "मी तो खोकला बिनकामाचा धरला. मला काम दिसलं नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. आणि सांगायला तर मुळीच नको होतं. लकब दाखवून दिली की मरते गं. माणसाला कळलं की मग तो ती करत नाही, नाही तर करून दाखवतो. दोन्ही मेलेलंच."

मला आईची पळी आठवली. ती लकब तर केव्हाच मेली होती आणि आम्ही तिचा आवाज ऐकून खूश होत होतो.

त्यानंतरच्या वर्षी काय झालं तेही सांगायला हवं. पुतण्याने देवाचं नाव घेतलं, आणि तो पुढे जाणार एवढ्यात बायकांमधून कुणी तरी घसा खाकरला. माझी मावशीच होती ती. मुद्दाम नव्हे, तिला नंतर विचारलं असतं तर तिने कानावर हात ठेवले असते. पुतण्या थबकला, चाळीने श्वास घेतला आणि 'व्हय म्हाराजा' असा उठला की मंडपाची झालर हलली. मॅडमनी या वेळी माझा दंड धरला नाही. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मावशीला मी काही विचारायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली.

पण त्या प्रसंगानंतर त्यांनी आपला 'हे कोणाचं बघून?' हा प्रश्न कायमचा सोडला. बघायचं, बोलायचं नाही, हा विभागाचा नियम झाला. मॅडमना जेवायला बोलवणं एकदम सोपं झालं. त्या अजूनही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत, सगळं डोळ्यांनी टिपत, प्रश्न अगदी ओठांवर आलेला दिसे, आणि त्या तो गिळत. मला त्यांना तसं बघवत नसे. सारखं वाटे, विचारा हो एकदा, काय मरेल ते मरेल.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने शाल आणि नारळ दिला, चार भाषणं झाली. त्या भाषणांत मॅडमच्या जागी कुठलीही मॅडम चालली असती. माकडांचा पेपर पुढच्या वर्षापासून बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं, ते मात्र कुणी बोललं नाही. समारंभ आटोपल्यावर मी त्यांना खोली आवरू लागत होते. पुस्तकांचे गठ्ठे बांधता बांधता त्या म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांगायचं, बरं वाटावं म्हणून नाही."

मी बरं म्हटलं.

"दोन वारसे, दोन वारसे म्हणून आयुष्यभर शिकवलं. पहिला माझ्याकडून पुढे जाणार नव्हता, ते मी केव्हाच मान्य केलंय. दुसऱ्यावर भिस्त होती. तुझे डोळे तयार आहेत, तू बघत असतेस. माझं बघून कुणी काही उचललेलं तुला दिसलं का गं कधी?"

मी म्हटलं, मॅडम, आम्ही सगळे जे काही शिकलो ते तुमच्याकडूनच. त्यांनी मान हलवली. "ते पुस्तकात होतं. मी नसते तरी शिकला असता. माझं म्हणून काय?"

मी खरोखर आठवून बघितलं. त्यांच्या विद्यार्थ्यांत कुणी पुरुषी घड्याळ घालत नव्हतं. वडापाव तसा खाणारं कुणी नव्हतं. आमच्यातले कुणी बँकेत गेले होते, कुणी कंपन्यांत, एक-दोन शिक्षणात. मी पुढचा गठ्ठा ओढला. त्या म्हणाल्या, असू दे, आणि सुतळीला गाठ मारली.

मला ते फार लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात कुणाचं काय कुणाकडे गेलं ते दाखवत फिरलेली बाई, आणि तिच्या स्वतःच्या नावावर काही नाही. पुढे दर फोनला त्या शेवटी विचारत, "सापडलं का काही?" चेष्टेतच विचारत. मीही चेष्टेत म्हणे, शोध चालू आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी एका सकाळी मॅडम उठल्या आणि त्यांना कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. आधी त्यांना वाटलं कुकर बिघडला. मग दूधवाल्याच्या तोंडाची उघडझाप दिसली आणि आवाज काही आला नाही. गिरगावात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, त्यांना परळच्या एका इस्पितळात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा डॉक्टर बहिणीशी कॉरिडॉरमध्ये बोलत होते. कान असा एकाएकी जातो कधी कधी, म्हणाले, कारण सापडत नाही. औषधं सुरू केली आहेत, काहींचं थोडं परत येतं, काहींचं नाही, थांबून बघावं लागेल. मग म्हणाले, वाईट एवढंच की गेला तो चांगला कान होता.

चांगला म्हणजे? मला कळेना. ताई म्हणाल्या, अगं, तिचा उजवा कान लहानपणीच गेलाय. गालगुंडं झाली होती, त्यात गेला. घरात सगळ्यांनी ते लपवलं, मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं. शाळेत ती बाकाच्या उजव्या टोकाला बसायची, म्हणजे बाकीच्या डावीकडे येतील. कोणी बोलायला लागलं की मान उजवीकडे वळवायची, डावा कान पुढे करायची. "इतकी सवय झाली की पुढे तिचं तिलाही आठवत नसेल. तुम्हाला कोणाला माहीत नव्हतं?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम आमचं बोलणं ऐकताना मान वळवून खिडकीकडे बघत, हे मात्र आम्ही रोज बघितलं होतं. आम्हाला वाटे, काय विचारपूर्वक ऐकतात. खरं ऐकणारं माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, लांब कुठे तरी बघतं, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

डॉक्टर पुढे काही तरी सांगत होते, औषधांचं, कानाच्या यंत्राचं. सांगता सांगता थांबले आणि मला म्हणाले, "तुम्हालाही उजव्या कानाने कमी ऐकू येतं का?"

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीकडे बघत होते आणि माझा डावा कान त्यांच्यापुढे होता.

माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत. घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, मी ऐकताना काय करते? तो म्हणाला, मान फिरवतेस, लग्न ठरलं तेव्हापासून बघतोय, आधी वाटायचं तुला माझ्या बोलण्यात रस नाही. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही.

आता सापडलं होतं, पण सांगायचं कसं हा प्रश्न होता. मॅडमना लिहून दाखवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माझी समजूत काढतेस. मी करून दाखवलं असतं तरी तेच, ठरवून केलेल्या गोष्टीला त्या पुरावा मानत नसत. आणि मी एकटीच होते की आणखी कुणी होतं? आमच्या वर्गातली एक शिवडीच्या शाळेत शिकवते. दुसरा एका कंपनीत आहे, लोक कुठला साबण का घेतात ते शोधतो. दोघांना मी फोन करून बोलावलं. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मान सरळ धरून आले असते.

इस्पितळासमोर चहा पिताना मी मॅडमच्या तब्येतीचं मुद्दाम हळू आवाजात सांगायला लागले. साबणवाल्याने मान उजवीकडे वळवली आणि समोरच्या टॅक्सीकडे बघत ऐकू लागला. शाळेत शिकवणारी ग्लास हातात धरून त्याच टॅक्सीकडे बघू लागली. दोघांचे डावे कान माझ्यापुढे. टॅक्सीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे, त्याने काच खाली केली. मी चहाचे पैसे देऊन पटकन पाठ फिरवली, नाही तर तिथेच रडले असते.

आम्ही वर गेलो तेव्हा मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला, कारण आम्ही काय म्हणतोय ते कळत नव्हतं. माझ्या फोनवर बोललेलं लिहून येतं, तो मी पुढे धरला. मी म्हटलं, डॉक्टर चांगले आहेत. फोनने लिहिलं, डॉक्टर चांदीचे आहेत. त्या जराशा हसल्या. मग फोन बाजूला सारून, आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही त्या माणसासारख्या फार मोठ्याने म्हणाल्या, "ऐकायचं संपलं बघ. राहिलं ते बघायचं." शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. मॅडमनी मला विचारलं, "काय, सापडलं का काही?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. मी दोघांना खाटेच्या पायथ्याशी शेजारी शेजारी उभं केलं आणि हातानेच मॅडमना म्हटलं, बोला, काहीही बोला.

त्या बोलायला लागल्या. कुकरच्या शिट्टीचं सांगू लागल्या, दूधवाल्याचं सांगू लागल्या. साबणवाल्याची मान वळली. शाळेतलीची वळली. दोघंही खिडकीकडे बघत ऐकत होती, म्हणून मी काय करतेय ते त्यांना दिसलं नाही. मी माझ्या उजव्या कानाला बोट लावलं आणि मॅडमकडे बघितलं.

त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. बोलणं थांबलं म्हणून दोघांनी माना सरळ केल्या. मॅडमनी साबणवाल्याकडे बघितलं, शाळेतलीकडे बघितलं, मग पुन्हा बोलायला सुरुवात केली, इस्पितळातल्या उपम्याबद्दल. माना वळल्या. त्या थांबल्या, माना सरळ झाल्या. त्यांनी आणखी एकदा तसं करून बघितलं. अंगात मुरलेला प्रयोग कुठे जातो? मग त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या उजव्या कानावर जाऊन राहिला, लहान मूल दुखऱ्या जागी हात ठेवतं तसा.

मला वाटलं आता त्या सांगून टाकणार. त्यांचे ओठ हललेही. शाळेतली घाबरून मला विचारत होती, काय झालं गं यांना, डॉक्टरांना बोलवू का? मी नको म्हटलं.

मॅडमनी ओठ मिटून घेतले. दोघांना काही सांगितलं नाही. मग पुन्हा बोलायला लागल्या, त्या उपम्यात मोहरी कशी जळलेली होती, नर्स कशी गोड आहे, ताई कशी सगळ्यांवर ओरडते. काहीही, न थांबता, जसं सुचेल तसं. थांबलं तर माना सरळ होतील ना.

माझी लकब कॉरिडॉरमध्येच मेली होती. मला ती कळली होती, आता मी केली तर ती नुसती करून दाखवलेली. तरी मी त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मान वळवली. मान वळवली की समोर खिडकी येते, मॅडम दिसत नाहीत. त्यामुळे त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. बोलत होत्या, आणि आम्ही तिघं ऐकत होतो.